थंडीतले मोड आणि उन्हाळी परसबाग: सातारा-सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबरात विचारणा होते, "मटकीला मोडच येत नाहीत." फेब्रुवारीत तीच मंडळी विचारतात, "भेंडी उगवलीच नाही." दोन्हीचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं, म्हणून हे प्रश्न एका जागी दिले आहेत. वेळा आणि मापं सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या हिवाळ्याची आहेत. महाबळेश्वर-पाचगणीला किंवा जत-आटपाडीकडे जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

१. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, मग थंडीत तीन दिवस झाले तरी का येत नाहीत?

दाण्याला रुजायला ओल, हवा आणि ऊब लागते. थंडीत पहिल्या दोन मिळतात, तिसरी मिळत नाही. मूग, मटकी, चवळी, उडीद, हुलगा ही खरिपाची पिकं. त्यांना २५ ते ३० अंश मानवतात आणि १५ अंशांच्या खाली ती जवळजवळ झोपी जातात. हरभरा, मसूर, वाटाणा, मेथी ही रब्बीची. शेतातही ती थंडीतच उगवतात, त्यामुळे १८-२० अंशांच्या स्वयंपाकघरात त्यांचं फारसं अडत नाही. ज्या घरात हरभऱ्याला मोड येतात आणि मटकीला येत नाहीत, तिथे मटकी खराब नसते, घर गार असतं.

दुसरं कारण कोरडी हवा. पावसाळ्यात पुरचुंडीचं फडकं दिवसभर ओलं राहतं, पण हिवाळ्यात ते सहा-सात तासांत वाळतं. मोड फुटायच्या बेतात असलेला दाणा कोरडा पडला की तिथेच अडतो. मुळाचं टोक बाहेर येऊन वाळलं असेल तर पुन्हा भिजवूनही फारसा उपयोग होत नाही.

२. पहिल्यांदाच करतोय. कशापासून सुरुवात करू आणि किती घेऊ?

अख्खे हिरवे मूग, एक वाटी. मोड आल्यावर त्याचे अडीच-तीन वाट्या होतात आणि चौघांच्या एका उसळीला पुरतात. जास्त घेऊन थर जाड केला की मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही, म्हणून पहिल्या खेपेला मोह आवरा.

मूग निवडून फुटके, किडके दाणे काढा, कारण वास आधी त्यांनाच लागतो. तीन पाण्यांनी धुवा. चार वाट्या कोमट पाण्यात, म्हणजे हात सहज बुडवता येईल इतक्या, रात्री भिजवा. थंडीत ८ ऐवजी १० तास ठेवा. सकाळी ते पाणी टाकून दोनदा धुवा आणि रोवळीत किंवा चाळणीत १५ मिनिटं पूर्ण निथळू द्या. ही १५ मिनिटं बहुतेक जण गाळतात आणि पुढे प्रश्न ६ विचारतात. मग जाड सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, त्यात मूग बांधा, झाकणाच्या भांड्यात ठेवा आणि उबेच्या जागी सरकवा (प्रश्न ४). दर आठ तासांनी फडक्यावर कोमट पाण्याचा हबका मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव इंच आणि संध्याकाळपर्यंत अर्धा-पाऊण इंच मोड दिसायला हवेत.

३. कोणत्या कडधान्याला किती तास लागतात?

खाली भिजवण्याचा वेळ आणि नंतर बांधून ठेवण्याचा वेळ दिला आहे, तोही ऊब मिळत असेल तर.

मटकी: ८-१० तास भिजवून २४ तास बांधा.
मूग, चवळी: १० तास, मग २४ ते ३० तास.
मसूर: ८ तास, मग ३० तास. सालासकट अख्खी हवी.
मेथी: ८ तास, मग ३६ तास. भिजवलेलं पाणी दोनदा बदललं तर कडूपणा थोडा उतरतो.
हरभरा, वाटाणा: १२ तास, मग ३६ ते ४८ तास.
हुलगा: १२-१४ तास, मग ३६ ते ४८ तास.
पावटा: १६ तास, मग दोन दिवस. मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून साल काढायची.

हुलगा आणि पावट्याच्या बाबतीत घाई करून उपयोग नाही. महाबळेश्वर-पाचगणीला सगळ्यालाच अर्धा दिवस जास्त धरा. वेण्णा तलावाकाठी जेव्हा दवबिंदू गोठतात, त्या आठवड्यात खरिपाची कडधान्यं बाजूला ठेवून हरभरा-मसूर करावी हे शहाणपणाचं.

४. ऊब कुठून आणायची? चूल तर आता नाही.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे चपात्या ठेवायचा कॅसरोल. आत गरम पाणी फिरवून ओता, पुरचुंडी ठेवा, झाकण लावा आणि वर जुनी गोधडी गुंडाळा. दर आठ तासांनी हबका मारताना कॅसरोल पुन्हा गरम पाण्याने शेकून घ्या आणि झाकण मिनिटभर उघडं ठेवा. आत हवा खेळली पाहिजे.

कॅसरोल नसेल तर बंद असलेल्या मायक्रोवेव्हमध्ये भांड्याशेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवा आणि रात्री झोपताना पाणी बदला. मायक्रोवेव्हवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर सकाळी कुणीतरी दूध गरम करायला बटण दाबेल. फ्रीजच्या मागच्या बाजूला वर मिळणारी ऊबही चालते.

टाळायच्या जागा दोन. नुकत्याच उतरवलेल्या कुकरवर पुरचुंडी ठेवू नका. ४० अंशांच्या वर दाणा रुजण्याऐवजी आंबतो, आणखी वर गेला की मरतो. आणि स्टीलचा बंद डबा दुपारच्या उन्हात ठेवू नका, तो बघताबघता तापतो.

५. फडकं चांगलं, काचेची बरणी की बाजारातलं मोडाचं भांडं?

थंडीत फडकं, कारण ते ओल धरतं. बरणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बरी. बरणीत पाव भागापेक्षा जास्त भरू नये, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून ती तिरकी पालथी ठेवावी आणि दिवसातून दोन-तीनदा धुऊन निथळावी. भोकाच्या थाळ्यांचं भांडं रब्बीच्या कडधान्यांना उत्तम, पण मटकी त्यात थंडीत सुकते. त्याच भांड्यात ओलं फडकं अंथरलं की अडचण संपते.

फडकं दर खेपेला उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. मऊसर जुना पंचा चालतो, पण साबणाचा वास असलेला चालत नाही.

६. मोड आले, पण आंबूस वास येतो आणि दाणे चिकट झालेत. धुऊन वापरू का?

नाही, टाकून द्या. बुळबुळीतपणा आणि आंबट वास म्हणजे जिवाणूंनी ताबा घेतला आहे. धुतल्यावर वास जातो, पण ते सगळे जात नाहीत. कारण बहुधा निथळणं अपुरं राहिल्याचं असतं. तळाशी पाणी साचलं की दाणा श्वास घेऊ शकत नाही आणि गुदमरतो. क्वचित थंडीत "अजून आले नाहीत, अजून थोडं" म्हणत तीन-चार दिवस तसंच ठेवल्यामुळेही होतं. ४८ तासांत मुगाला किंवा मटकीला काहीच हालचाल नसेल तर वाट पाहू नका. कुठे चुकलं ते प्रश्न १ आणि ८ मध्ये शोधा.

७. मुळांवर पांढरी लव आली आहे. बुरशी आहे का?

मोडाच्या मुळाभोवती सगळीकडे सारखी, बारीक मखमली लव असेल तर ती मुळांचे केस आहेत. हवेत कोरडेपणा असला की मुळं पाणी शोधायला ती काढतात, म्हणून मेथी, मोहरी, मुळा यांवर थंडीत जास्त दिसते. पाण्याचा हबका मारला की ती बसते. बुरशी एखाद्या मेलेल्या दाण्यापासून सुरू होते, कोळ्याच्या जाळ्यासारखी शेजारच्या दाण्यांवर पसरते, रंग करडा किंवा काळपट होतो आणि पाणी मारूनही ती तशीच राहते. तशी दिसली तर सगळेच टाका, नुसता तेवढा भाग काढून बाकीचे खाऊ नका.

८. मटकीतले काही दाणे भिजतच नाहीत, खड्यासारखे राहतात. भेसळ आहे का?

भेसळ नाही, ते गणंग. दाण्याचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही. शेतात हा गुण कामाचा असतो, एका पावसाला सगळं बी उगवून संपत नाही. ताटात मात्र दात दुखावतो. मटकी आणि हुलग्यात ते जास्त असतात, आणि पीक दुष्काळी, कोरड्या हवेत पिकलेलं असेल तर आणखी. भिजवल्यावर मटकी परातीत पसरून बोटांनी फिरवली की न फुगलेले दाणे आवाजानेच कळतात. ते काढून पुढच्या खेपेत पुन्हा भिजवा, काही त्यावेळी फुगतात.

सगळाच डबा फुगतो पण मोड येत नाहीत, असं असेल तर कडधान्य जुनं आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं, भाजून ठेवलेलं, किंवा कीड लागू नये म्हणून कडक उन्हात अनेकदा तापवलेलं कडधान्य शिजतं छान, रुजत मात्र नाही.

९. बोअरच्या पाण्याने फरक पडतो का?

पडतो. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि तिथल्या काही बोअरचं पाणी चवीलाच मचूळ लागतं. खारट पाण्यात दाणा हळू पाणी ओढतो आणि मोड आखूड, पिवळट निघतात. भिजवायला आणि हबका मारायला पिण्याचं पाणी वापरा, धुवायला बोअरचं चालेल, पण शेवटचं पाणी पिण्याचं असू द्या. हेच पाणी कुंडीला घालत असाल तर तिथेही माती पांढरी पडते.

१०. मोड जास्त झाले. फ्रीजमध्ये किती दिवस टिकतात?

तीन दिवस, फार तर चार. ठेवण्याआधी पाणी पूर्ण निथळा, कोरड्या फडक्यावर अर्धा तास पसरा आणि झाकण किंचित सैल असलेल्या डब्यात, तळाशी कागद घालून ठेवा. ओले ठेवलेले मोड थंडीतही दुसऱ्या दिवशी चिकट होतात. फ्रीजमध्ये त्यांची वाढ मंदावते, थांबत नाही. मेथीचे मोड ठेवले तर दर दिवशी अधिक कडू लागतात.

११. कच्चे मोड रोज खाणं योग्य आहे का?

मोडांना जी ऊब आणि ओल लागते, तीच साल्मोनेला, ई. कोलाय या आजार आणणाऱ्या जिवाणूंनाही लागते. जिवाणू बहुधा बियाण्यावरच येतात, घर कितीही स्वच्छ असलं तरी. २०११ साली जर्मनीत मोडांमुळे ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसं दगावली आणि तपास इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्यापर्यंत पोहोचला. म्हणून गर्भवती, लहान मुलं, साठीच्या पुढचे आणि आजारातून उठलेले यांनी मोड शिजवूनच खावेत. बाकीच्यांनीही पाच-सात मिनिटं वाफवून कोशिंबीर केली तर चवीत फारसं काही जात नाही. आपल्याकडची उसळ ही पद्धत या बाबतीत निर्धोक आहे.

१२. मोड आल्यावर प्रथिनं दुप्पट होतात म्हणतात, खरं का?

नाही. दाण्यात जेवढी प्रथिनं होती तेवढीच राहतात, उलट पाणी शोषल्यामुळे शंभर ग्रॅममागे कमी भरतात. खरा फायदा दुसरा आहे. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं, फायटिक आम्ल कमी झाल्यामुळे लोह-जस्त अंगी लागणं सोपं होतं, आणि पोटातला वायू थोडा कमी होतो. ब१२ मात्र मोडांतून मिळत नाही.

१३. कशाला मोड आणून खाऊ नयेत?

हा प्रश्न कमी येतो, यायला हवा जास्त.

घेवडा आणि राजमा: कोरेगावचा वाघ्या घेवडा याच कुळातला. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. मोड आणून ते पुरेसं जात नाही. भिजवलेलं पाणी टाकून कुकरमध्ये पूर्ण शिजवा. मंद आचेवर अर्धवट शिजलेला घेवडा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो.

ज्वारी: शाळूच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी चरून जनावर दगावतं, ते याच कारणाने. गव्हांकुरासारखे ज्वारीचे हिरवे कोंब काढून रस पिऊ नका. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करायला हरकत नाही.

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा: यांच्या कोवळ्या रोपांत सोलानिन वर्गातली विषारी द्रव्यं असतात.

लसूणघासाचं बी: परदेशी सॅलडमध्ये असतं ते हेच, पण आपल्याकडे ते जनावरांच्या चाऱ्यासाठी विकलं जातं, खाण्यासाठी तपासलेलं नसतं.

कृषी सेवा केंद्रातलं कोणतंही पेरणीचं बियाणं: त्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग ही खूण, आणि पाकिटावर तशी सूचना असते. धुऊन ते निघत नाही. दाण्याला रंग नसला तरी पाकिटातलं बियाणं पोटात घालू नका.

सोयाबीनला मोड आणता येतात, पण वीस मिनिटं उकळूनच खावेत.

१४. चायनीजमध्ये असतात तसे जाड, लांब, पांढरे मोड घरी कसे काढायचे?

अंधार, वजन आणि भरपूर पाणी. भोकं पाडलेल्या डब्यात भिजवलेले मूग दोन इंच थराने पसरा, वर ओलं फडकं आणि त्यावर बशी ठेवून एक किलोचं वजन द्या. दाब आला की मोडातून इथिलीन वायू निघतो आणि देठ आखूड, जाड होतो, नाहीतर बारीक दोऱ्यासारखा वाढतो. दिवसातून चार वेळा डब्यातून पाणी ओतून निथळा. उबेत चार-पाच दिवस लागतात. उजेड मिळाला की हिरवे आणि कडवट होतात. आजीबाईंचं पुरचुंडीवर वरवंटा ठेवणं याच तत्त्वावर चालायचं.

१५. खिडकीत वाढवायची कोवळी हिरवी रोपं, म्हणजे मायक्रोग्रीन, मोडांपेक्षा वेगळी कशी?

मोडात मुळासकट सगळं खातो, इथे कात्रीने देठ-पानं कापतो आणि मुळं मागे राहतात. माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागतं आणि उजेडही. एक फूट बाय पाऊण फुटाचा, भोकं असलेला ट्रे घ्या, त्यात एक इंच ओलं कोकोपीट भरा. मेथी ३ मोठे चमचे (भिजवून) किंवा मोहरी १ मोठा चमचा (कोरडी) सारखी पसरा, हलकं दाबा, माती घालू नका. वरून दुसरा ट्रे पालथा घालून तीन दिवस अंधारात ठेवा, रोज फवारा मारा. कोंब इंचभर झाले की खिडकीत आणा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी सगळ्यात चांगली. मोहरी आठ-दहा दिवसांत आणि मेथी दहा-बारा दिवसांत कापायला येते.

उजेडात आणायला उशीर झाला तर रोपं पिवळी आणि उंच होतात. नवरात्रातल्या घटाचं धान्य देवघराच्या अंधारात पिवळंधमक वाढतं, तेच इथे होतं. दोन दिवस उजेडात ठेवलं की हिरवेपणा येतो, पण लांबलेला देठ आखूड होत नाही.

हळीव आणि सब्जा यांचा नियम वेगळा. पाण्यात टाकले की त्यांच्याभोवती बुळबुळीत चिक तयार होतो, त्यामुळे भिजवून बांधले तर एकच गोळा होतो आणि सडतो. अर्धा चमचा कोरडे हळीव ओल्या फडक्यावर विरळ भुरभुरा, वरून फवारा, बस. धुवायचं नाही. आठ दिवसांत तिखटसर पाला मिळतो.

१६. थंडीतच बागेचं काय ठरवायचं? पेरणी तर फेब्रुवारीत.

दोन गोष्टी: ऊन कुठे पडणार आणि पाणी किती मिळणार. डिसेंबरात भिंतीच्या उत्तरेला जी जागा दिवसभर सावलीत असते, तिथे एप्रिलमध्ये कडक ऊन पडतं. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सातारा-सांगलीत दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे आजचं ऊन बघून कुंड्या मांडू नका. वेलांचा मांडव पश्चिमेला घातला तर मागच्या पालेभाजीला दुपारनंतर सावली मिळते.

चौघांच्या घराला भेंडीची २०-२५ झाडं, काकडी ३ वेल, दोडका २, कारलं २, वांगी ४, मिरची ५, टोमॅटो ६ पुरतात. मे महिन्यात दिवसाआड पाणी येत असेल तर हे निम्मं करा आणि गवार, चवळी वाढवा. वेलाला २० लिटरचा डबा लागतो, मिरचीला १० लिटरचा. त्याहून लहान कुंडी एप्रिलमध्ये दुपारी बारालाच कोरडी पडते.

१७. काय, कधी पेरायचं?

तारखेपेक्षा पहाटेचं तापमान बघा. सलग आठवडाभर किमान तापमान १५ अंशांच्या वर राहिलं की भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी पेरा. सांगली, मिरज, तासगाव, कराडला हे संक्रांतीनंतर दहा-पंधरा दिवसांत जमतं. सातारा, कोरेगाव, वाईला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उजाडतो. महाबळेश्वर-पाचगणीला फेब्रुवारीअखेर किंवा मार्च.

जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूला मात्र जानेवारीअखेरीसच उरकावं, थोडी उगवण कमी झाली तरी. तिकडे मेचं ऊन आणि पाण्याची ओढ, दोन्हींच्या आधी तोडे संपायला हवेत.

टोमॅटोला वेगळा हिशेब. दिवसाचं तापमान ३५ च्या पुढे गेलं की फुलं गळतात, म्हणून रोपं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जागेवर हवीत. म्हणजे बी डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला टाकायचं, ऐन थंडीत, घरात (प्रश्न २०).

वाणांमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले हिमांगी (काकडी), फुले ग्रीन गोल्ड (कारलं), फुले सुचेता (दोडका) हे परसबागेला चांगले. वांग्यात कृष्णाकाठची काटेरी वांगी सोडून दुसरं काही लावायचं कारण आम्हाला दिसत नाही.

१८. मागच्या वर्षीचं बियाणं उरलंय. उगवेल का हे मोडांसारखं तपासता येतं का?

येतं, आणि तपासावंच. वीस बिया मोजा, ओल्या पिळलेल्या फडक्यावर ओळीत मांडा, गुंडाळी करा आणि प्रश्न ४ मधल्या उबेत ठेवा. रंग लावलेल्या बियांना वेगळं फडकं आणि वेगळा डबा घ्या, स्वयंपाकाच्या कॅसरोलमध्ये त्या अजिबात ठेवू नका, नंतर हात धुवा. भेंडी आणि वेलभाज्या आठ दिवसांत, टोमॅटो-वांगी दहा दिवसांत, मिरची दोन आठवड्यांत मोजा.

वीसपैकी १६ किंवा जास्त फुटल्या तर नेहमीसारखं पेरा. १० ते १५ फुटल्या तर एका जागी दोन-दोन बिया टाका. त्याहून कमी असतील तर नवीन पाकीट आणा. कांद्याचं बी वर्षभरच चांगलं राहतं, भेंडी-मिरचीचं साधारण दोन वर्षं, टोमॅटो-वांग्याचं चार, काकडीचं पाचपर्यंत, तेही कोरड्या, थंड जागी ठेवलं असेल तर. संकरित वाणाचं घरी धरलेलं बी उगवतं, पण फळ मूळ झाडासारखं येईलच असं नाही.

१९. कारलं आणि दोडका तीन आठवडे झाले तरी उगवत नाहीत. बी कुजतं.

जाड सालाचं बी थंड, ओल्या मातीत पडून राहतं आणि कुजतं. मातीत टाकण्याआधी मोड आणा. बीच्या टोकदार बाजूची कड नखकात्रीने जेमतेम कापा, आतला गर दिसता कामा नये. कोमट पाण्यात २४ तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून उबेत ठेवा, रोज उघडून बघा. तीन ते सहा दिवसांत पांढरं टोक निघतं. ते २-३ मिलिमीटर असतानाच लावा, जास्त लांब झालं की हाताळताना मोडतं आणि ते बी संपलं. टोक खाली करून कागदी पेल्यात अर्धा इंच खोल ठेवा. वेलभाज्यांना मुळं हलवलेली सोसत नाहीत, म्हणून दोन खरी पानं (बीतून निघालेल्या पहिल्या जोडीनंतरची) आली की पेल्याचा तळ फाडून तसंच लावा. भेंडीला एवढं करायची गरज नाही, रात्रभर भिजवलं की पुरे.

२०. घरात टाकलेली टोमॅटो-मिरचीची रोपं एका रात्रीत बुडापासून कोलमडतात. का?

मातीलगतची बुरशी. दाट पेरणी, सतत ओली माती, थंड आणि कोंडलेली हवा, ही तिची आवडती जागा. देठ मातीपाशी पाणीदार होऊन बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. पडलेलं वाचत नाही, शेजारची वाचवायची. पडलेली काढून टाका, पाणी तोडा, खिडकी उघडा. पुढच्या खेपेला बी एका इंचावर एक टाका, वरची माती कोरडी दिसल्यावरच सकाळी पाणी द्या, आणि मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) मिसळलेलं मुरलेलं शेणखत वापरा. कच्चं शेणखत नको.

मिरची थंडीत वीस दिवसही घेते, तोवर ट्रे उकरून बघू नका. उगवल्या दिवशीच उजेडात आणा. खिडकीपासून दोन फूट आत ठेवलेली रोपं लांबून लटकतात. टोमॅटोचं लांबलेलं रोप लावताना देठ पहिल्या पानापर्यंत मातीत गाडता येतो, त्यातून मुळं फुटतात. मिरची-वांग्याला हा उपाय करू नका.

२१. किराणा दुकानातलं कडधान्य बागेत लावलं तर येईल का?

मूग, मटकी, चवळी फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत लावता येतात. उन्हाळी मूग साधारण ६०-६५ दिवसांत येतो. उसळीचे चार मोड कुंडीत टाकले तरी चालतं, मोड अर्ध्या इंचाच्या आत असावेत. हरभरा, मसूर, वाटाणा मात्र आता लावू नका, वाढ लागायच्या आत ऊन गाठतं. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडायचा असेल तर तेवढ्यापुरतं दाट टाका. धणे हाताने चोळून दोन फाका करून पेरायचे, अख्खे पेरले तर उगवण निम्मी होते.

२२. आमची माती काळी आहे. कुंडीत भरली की भेगा पडतात.

काळी माती एकटी कुंडीत चालत नाही, ओली असताना गच्च आणि वाळल्यावर दगड होते. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस असं मिसळा. गाळप हंगाम चालू असतो तोवर उसाचं पाचट फुकट मिळतं. बोटभर तुकडे करून कुंडीवर दोन इंच थर द्या, एप्रिलमध्ये पाण्याची पाळी स्पष्ट कमी होते. देठापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी आणि गोगलगाय दोन्ही येतात.

२३. भिजवणाचं पाणी आणि फसलेले मोड झाडांना घालू का?

पाणी घाला, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी ते आंबतं. आंबलेले मोड थेट कुंडीत पुरू नका, चिलटं होतात आणि मुळांजवळ कुजताना उष्णता तयार होते. कंपोस्टमध्ये वाळल्या पाल्याच्या थराखाली टाका.

२४. जानेवारीत पेरलेली भेंडी उगवली, पण महिना झाला तरी चार पानांवरच अडली आहे. उपटू का?

खालून दुसऱ्या पानाचा रंग बघा. हिरवं आणि ताठ असेल तर झाड थंडीने थांबलं आहे. रात्री उबदार झाल्या की ते चालू लागतं, तोवर पाणी कमी ठेवा आणि खत देऊ नका. पानांच्या शिरा पिवळ्या, जाळीसारख्या दिसत असतील तर तो केवडा रोग आहे. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर औषध नाही, असं झाड लगेच उपटा. आणि दोन्ही नसेल, नुसतं खुरटलं असेल, तर शेजारी भिजवलेल्या दोन नव्या बिया टाका. फेब्रुवारीच्या उबेत उगवलेलं रोप बऱ्याचदा जानेवारीच्या रोपाला मार्चमध्ये गाठतं, मग त्यातलं जोमाचं ठेवून दुसरं काढा.